गुणांचे बक्षीस आणि गरजेचा आधार

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दहावी-बारावीचे निकाल लागले की तालुक्यातालुक्यांत गुणवंतांच्या सत्काराचा हंगाम सुरू होतो. पतपेढ्या, ज्ञातिसंस्था, पक्षांच्या शाखा असे सर्वच त्यात भाग घेतात. पंचाण्णव टक्के मिळविणाऱ्यांना शाल, श्रीफळ आणि पाकीट मिळते. यात गैर काही नाही. परिश्रमाचे कौतुक करणे ही समाजाच्या जिवंतपणाची खूण आहे. परंतु त्याच गावात अठ्ठावन्न टक्के गुण मिळवून बारावी झालेली शेतमजुराची मुलगी जून महिन्यात कोठे जाते, याची चौकशी करण्याची प्रथा आपल्याकडे नाही. तिचे शिक्षण थांबले तर त्याची बातमी होत नाही, कारण त्यात कोणालाच काही विशेष वाटत नाही. शिष्यवृत्तीच्या प्रश्नाचा विचार या मुलीपासून सुरू केला पाहिजे.

विद्यार्थ्याला पैशाचे साहाय्य देण्याची दोन तत्त्वे जगभर रूढ आहेत. एक तत्त्व गुणवत्तेचे. ज्याने परीक्षेत इतरांना मागे टाकले, त्याला रक्कम द्यावी, मग त्याच्या घरची स्थिती कशीही असो. दुसरे तत्त्व गरजेचे. ज्याला पैशाअभावी शिकता येणार नाही त्याला रक्कम द्यावी, मग तो वर्गात पहिला असो वा विसावा. व्यवहारात या दोन्हींची मिश्रणे आढळतात. पण प्रत्येक योजनेत कोणते तत्त्व धनी आहे आणि कोणते चाकर आहे, हे ओळखले पाहिजे. कुटुंबाच्या खिशावर होणारा परिणाम त्यावरूनच ठरतो.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्यात शिष्यवृत्त्यांचा स्वतंत्र विचार आहे. स्पर्धेने शिष्यवृत्त्या वाटण्याची पद्धत तात्त्विकदृष्ट्या न्याय्य दिसत असली, तरी तिने इतर वर्गांत शिक्षणाचा प्रसार होत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेलेच नाही त्यांच्यासाठी राखाव्यात, असे त्यांचे प्रतिपादन होते. सरकारी तिजोरी रयतेच्या करातून भरते आणि तिचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाला होतो, ही त्यांची मूळ तक्रार होती. स्पर्धा सर्वांना खुली असणे आणि स्पर्धेपर्यंत सर्वांना पोहोचता येणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जोतीरावांनी हा भेद जितक्या स्पष्टपणे मांडला, तितक्या स्पष्टपणे तो आजचे अनेक योजनाकर्तेही मांडत नाहीत.

आता गुणवत्ता शिष्यवृत्तीचा अर्थशास्त्रीय हिशेब पाहू. कोणत्याही सार्वजनिक खर्चाबद्दल पहिला प्रश्न असा विचारावा लागतो, की हा खर्च झाला नसता तर काय वेगळे घडले असते? परीक्षेत वरच्या पायरीवर असलेला, शिकवणीचे शुल्क भरू शकणाऱ्या घरातील विद्यार्थी शिष्यवृत्ती मिळाली नाही तरी महाविद्यालयात जातोच. त्याला दिलेल्या रकमेने कुटुंबाचा भार थोडा हलका होतो. शिकणाऱ्यांच्या संख्येत मात्र एकाचीही भर पडत नाही. याउलट वर उल्लेखिलेल्या मुलीला तीच रक्कम मिळाली असती, तर एक नवी विद्यार्थिनी महाविद्यालयाच्या दारातून आत गेली असती. रुपया तोच, फळ निराळे.

यावर असे म्हटले जाते, की गुण हे बुद्धीचे आणि कष्टाचे माप आहे, घराच्या श्रीमंतीचे नव्हे. हे अर्धसत्य आहे. गुणांमध्ये कष्ट असतातच; पण त्यांत स्वतंत्र खोली, वेळेवर जेवण, शिकलेले आईबाप आणि खाजगी क्लासची फी हेही मिसळलेले असते. लातूर, पुणे, कोटा येथील क्लासचा व्यवसाय गुणांना बाजारभाव असल्याशिवाय एवढा फोफावला नसता. ज्या कुटुंबाने अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत क्लासवर मोठी रक्कम खर्च केली, त्यालाच नंतर गुणवत्तेच्या नावाने शिष्यवृत्ती मिळाली, तर शासनाने त्या खर्चाची अंशतः परतफेड केली असाच त्याचा अर्थ होतो.

हा परिणाम केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याने १९९३ साली 'होप' नावाची गुणवत्ता शिष्यवृत्ती सुरू केली. शाळेत ठराविक सरासरी राखणाऱ्या विद्यार्थ्याचे राज्यातील सार्वजनिक महाविद्यालयाचे शुल्क त्यातून भरले जाई. प्रारंभी कुटुंबाच्या उत्पन्नाला ६६ हजार डॉलरची मर्यादा होती. ती लवकरच एक लाखावर नेली गेली आणि १९९५ साली पूर्णपणे काढून टाकली गेली. उलट ज्या गरीब विद्यार्थ्यांना केंद्र सरकारचे गरजेवर आधारलेले 'पेल' अनुदान मिळे, त्यांच्या 'होप'मधून तेवढी रक्कम काही वर्षे वजा केली जात असे. या योजनेचा पैसा येई सरकारी लॉटरीतून. लॉटरीच्या तिकिटावर आपल्या मिळकतीचा मोठा हिस्सा गरीबच खर्च करतो, हे सर्वश्रुत आहे. गरिबांच्या आशेतून जमलेल्या पैशाने सुस्थितांच्या मुलांचे शुल्क भरले गेले! सुसान डायनार्स्की या अर्थशास्त्रज्ञ विदुषीने २००० साली या योजनेचे परीक्षण केले. महाविद्यालयात जाणाऱ्यांची एकूण संख्या वाढली. पण लाभ मुख्यतः गोऱ्या आणि वरच्या उत्पन्नाच्या कुटुंबांना झाला आणि दोन्ही थरांतील अंतर रुंदावले, असा तिचा निष्कर्ष होता. जोतीरावांच्या निवेदनानंतर शंभरांहून अधिक वर्षांनी सातासमुद्रापलीकडे त्यांच्या म्हणण्याला मिळालेला हा आकडेवारीचा पुरावा होय.

भारत सरकारने स्वातंत्र्यानंतर दोन्ही तत्त्वांच्या योजना चालविल्या. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. १९६३ साली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा सुरू झाली. २०२१ नंतर ती स्थगित झाली. आज महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी केंद्राची जी सर्वसाधारण शिष्यवृत्ती आहे, तिच्यात दोन्ही अटी एकत्र आहेत. बारावीला आपल्या मंडळाच्या परीक्षेत ८० पर्सेंटाइलच्या वर गुण हवेत आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवे. देशभरात दरवर्षी ८२ हजार नव्या शिष्यवृत्त्या, पदवीसाठी वर्षाला १२ हजार रुपये, असे तिचे स्वरूप आहे. महिन्याला हे एक हजार रुपये होतात. पुण्यात राहून पुण्यातच शिकणाऱ्याला ते पुस्तकांना पुरतील. नंदुरबारच्या पाड्यावरून येणाऱ्याचे त्यातून एका महिन्याचे जेवणही भागणार नाही. आणि ज्याला ७९ पर्सेंटाइल मिळाले, त्याच्या घरचे दारिद्र्य अवघ्या एका अंकाने शासनाच्या दृष्टीने नाहीसे होते.

गुणवत्तेविषयी हे बोलताना एक गैरसमज दूर केला पाहिजे. समाजवादी विचार गुणवत्तेचा शत्रू नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण या दृष्टीने पुन्हा पुन्हा अभ्यासावे असे आहे. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत असताना त्यांना सयाजीराव गायकवाडांकडून महिना २५ रुपयांचे साहाय्य होते. १९१३ साली बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी, असा करार होता. पुढे लंडनमधील अभ्यास चालू असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून साठविलेला पैसा, शाहू महाराजांची मदत आणि एका मित्राचे कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. एवढ्या असामान्य बुद्धिमत्तेच्या माणसाचे शिक्षण जर पैशाअभावी तीन वर्षे खंडित होत असेल, तर सामान्य बुद्धीच्या गरीब मुलाचे काय होत असेल? गरज भागली तर गुणवत्ता प्रकट होते. आधी गुणवत्ता सिद्ध कर, मग गरज भागवू, असे म्हणणे म्हणजे पेरणीपूर्वीच कणसे मागणे आहे.

महाराष्ट्रातील थोर शिक्षणकार्य या जाणिवेतूनच उभे राहिले. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढण्यास चालना दिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा आणि शिका' हे सूत्र दिले. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने १९५५ साली विद्यार्थी साहाय्यक समिती निघाली व खेड्यांतून येणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांची राहण्या-जेवणाची सोय झाली. या सर्वांना एक गोष्ट उमगली होती. गरीब मुलाला महाविद्यालयाच्या फीपेक्षाही शहरातील भाकरी आणि निवारा अधिक महाग पडतो.

यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९५९-६० च्या सुमारास, आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या कुटुंबांतील मुलांना फीमाफी मिळू लागली. 'ई.बी.सी.' या तीन अक्षरांनी ती सवलत घराघरांत पोहोचली. पालकाचे वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांच्या आत असल्याचा दाखला आणला, की फी माफ होई. त्यात गुणांची शर्यत नव्हती. शेतकऱ्यांची, कारागिरांची, गिरणी कामगारांची एक संपूर्ण पिढी या मार्गाने पदवीपर्यंत गेली. ही योजना यशस्वी होण्याचे कारण केवळ तिची उदारता हे नव्हते. त्या काळी बहुतेक महाविद्यालये अनुदानित होती, प्राध्यापकांचा पगार शासन देत होते आणि फी मुळातच बेताची होती. माफ करावयाची रक्कम लहान होती, म्हणून ती सर्व गरजूंना माफ करता आली.

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या कारकिर्दीत विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि चित्र पालटले. शिक्षणाचा संपूर्ण खर्च विद्यार्थ्याकडून वसूल करण्याचे तत्त्व मान्य झाले. १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निम्म्या जागा अल्प शुल्काच्या आणि निम्म्या पूर्ण शुल्काच्या, अशी विभागणी आखली. तेथेही स्वस्त जागा गुणांच्या क्रमाने भरावयाच्या होत्या. क्लासला जाऊ शकणाऱ्या सुस्थितांच्या मुलांनी त्या मोठ्या प्रमाणात मिळवाव्यात आणि थोड्या गुणांनी मागे राहिलेल्याच्या बापाने जमीन विकून दुसऱ्याच्या मुलाचे शुल्क भरावे, असा उलटा न्याय त्यातून संभवत होता. २००२ च्या टी.एम.ए. पै निकालाने ती रचना मोडीत निघाली. तेव्हापासून शुल्क ठरविण्यासाठी समित्या आणि २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात शुल्क नियामक प्राधिकरण आले. ते संस्थेच्या खर्चावरून शुल्क ठरविते. पालकाच्या ऐपतीवरून नव्हे.

ऐपतीचा प्रश्न मग शासनाच्या प्रतिपूर्ती योजनांवर सोपविला गेला. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या वर्गातील कुटुंबाला व्यावसायिक अभ्यासक्रमाचे निम्मे शिक्षणशुल्क मिळते. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने याच उत्पन्नमर्यादेतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींसाठी शिक्षणशुल्काची व परीक्षाशुल्काची पूर्ण प्रतिपूर्ती मान्य झाली. मुलींच्या शिक्षणाच्या दृष्टीने हे पाऊल मोलाचे आहे, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. गुणांची आणखी एक चाळणी न लावता कुटुंबाच्या उत्पन्नावरून मदत देणारी ही तरतूद गरजेच्या तत्त्वाच्या जवळची आहे. परंतु तिच्या मर्यादाही पाहाव्यात. ज्याला लाख रुपये शुल्कातील पन्नास हजार परत मिळतात, त्याला उरलेले पन्नास हजार आणि राहण्या-जेवणाचा सारा खर्च स्वतःच करावा लागतो. प्रतिपूर्ती मिळते ती वर्ष सरता सरता, किंवा त्यानंतर. शुल्क मागितले जाते ते प्रवेशाच्या दिवशी. मधल्या काळाचे व्याज सावकाराला कोण देते? शासनाला दरवर्षी परिपत्रके काढून, पात्र विद्यार्थ्यांकडून पूर्ण शुल्क घेऊ नका, असे संस्थांना बजावावे लागते, यातच सर्व काही आले.

निर्वाहभत्त्याची स्थिती तर याहून बिकट आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार बी.ए., बी.एस्सी. सारख्या पदवीसाठी वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला ६ हजार आणि घरून ये-जा करणाऱ्याला ३ हजार रुपये मिळतात. म्हणजे महिन्याला अनुक्रमे पाचशे आणि अडीचशे! याच महाराष्ट्र शासनाने शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना काढली, तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरातील भोजन, निवास व इतर खर्चापोटी वर्षाला ६० हजार रुपये ठरविले. म्हणजे खरा खर्च किती, हे शासनाला ठाऊक आहे. तो केंद्राच्या भत्त्याच्या दसपट आहे. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची दैनिक मजुरी ३१२ रुपये होती. त्या दराने ६० हजार रुपये म्हणजे एका मजुराची १९२ दिवसांची मजुरी. आणि कायद्याची हमी तेव्हा होती १०० दिवसांची. स्वाधारमध्येसुद्धा प्रारंभी ६० टक्के गुणांची अट घातली गेली. पुढे ती शिथिल झाली. गरजेसाठी उघडलेल्या दारावरही गुणांचा द्वारपाल बसविण्याची सवय प्रशासनाला किती सहज जडली आहे, हे यावरून दिसते.

गरजेच्या तत्त्वावरही आक्षेप आहेत आणि ते टाळून चालणार नाही. उत्पन्नाचा दाखला हा त्यातील सर्वांत मोठा दोष. पगारदार शिपायाचे उत्पन्न कागदावर पैन् पै दिसते. व्यापाऱ्याचे आणि बड्या बागायतदाराचे दिसत नाही. त्यामुळे खऱ्या गरजूच्या नावावर खोटा गरजू लाभ घेतो. दुसरा दोष मर्यादेच्या कड्याचा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा २०१३ साली ठरली आणि २०२१ च्या नियमांनीही ती तशीच ठेवली. अडीच लाख म्हणजे महिन्याला २१ हजारांहूनही कमी. नवरा-बायको दोघेही राबले की कुटुंब कड्यावरून खाली पडते आणि सारा लाभ एकदम जातो. महागाई वाढत गेली आणि मर्यादा गोठून राहिली, तर कायदा न बदलताच दरवर्षी काही कुटुंबे वगळली जातात. परंतु हे दोष मोजमापाचे आहेत, तत्त्वाचे नाहीत. तराजू खोटा निघाला तर तराजू दुरुस्त करावा. वजन करणेच सोडून देऊ नये.

या पार्श्वभूमीवर नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या विद्यालक्ष्मी योजनेकडे पाहावे. मानांकनात वरच्या असलेल्या (प्रारंभी ८६०) संस्थांत प्रवेश मिळविणाऱ्यांना विनातारण कर्ज आणि आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नगटाला दहा लाखांच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत, असे तिचे स्वरूप आहे. येथे गुणवत्तेची अट विद्यार्थ्याबरोबर संस्थेलाही लागली. जी गरीब मुलगी तालुक्याच्या सामान्य महाविद्यालयात जाते, ती या चित्रात कोठेच नाही. शिवाय शिष्यवृत्तीची जागा कर्ज घेत आहे. कर्ज हे भविष्यातील मिळकतीवर काढलेले असते; ज्याच्या घरात कोणीच पगारदार नाही त्याला त्या भविष्याची खात्री वाटत नाही. तो कर्ज घेण्याऐवजी शिक्षण सोडतो. सुस्थित कुटुंब कर्जाकडे सोय म्हणून पाहते, दरिद्री कुटुंब धोका म्हणून.

मग मागणी कोणती करावी? पहिली अशी, की सार्वजनिक पैशाचा पहिला हक्क गरजेचा असावा. परीक्षा उत्तीर्ण होऊन प्रवेश मिळाला एवढी गुणवत्ता पुरेशी मानावी. गुणवंताला पदक द्यावे, मान द्यावा. त्याची गरज असेल तर ती गरजूंच्या रांगेत भागेलच. दुसरी मागणी वेळेची. मदतीचा निर्णय प्रवेशापूर्वी व्हावा आणि पहिला हप्ता प्रवेशाच्या महिन्यात मिळावा. तिसरी, निर्वाहभत्ता खानावळीच्या प्रत्यक्ष दराशी आणि उत्पन्नमर्यादा महागाई निर्देशांकाशी जोडावी. आणि मर्यादेवर कडा न ठेवता उतार ठेवावा, म्हणजे उत्पन्न वाढेल तशी मदत पायरीपायरीने कमी होईल. चौथी आणि सर्वांत मूलभूत मागणी म्हणजे शासकीय व अनुदानित महाविद्यालये आणि वसतिगृहे वाढवावीत. शुल्क अमर्याद वाढू द्यावयाचे आणि मग त्याची प्रतिपूर्ती करावयाची, यात सार्वजनिक पैसा विद्यार्थ्याच्या नावाने निघतो आणि संस्थाचालकाच्या तिजोरीत पोहोचतो.

शासनाकडे मागण्या करीत असताना कार्यकर्त्यांच्या हातातले कामही मोठे आहे. प्रत्येक शाखेने आपल्या गावातील बारावी उत्तीर्ण झालेल्या सर्व मुलामुलींची यादी करावी आणि ऑगस्टमध्ये त्यांतील कितीजण महाविद्यालयात आहेत, हे घरोघरी जाऊन पाहावे. जे नाहीत, त्यांची कारणे लिहून घ्यावीत. एस.टी.चा पास, खानावळ, दाखला, घरातील आजारपण, लग्नाची घाई, जे असेल ते. उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले निकालाची वाट न पाहता एप्रिल-मेमध्येच काढून घ्यावेत, संगणकावरील अर्ज भरून द्यावेत, अडलेल्या हप्त्यांचा समाजकल्याण कार्यालयात पाठपुरावा करावा. अशा शंभर गावांच्या याद्या हाती आल्या, तर विधिमंडळात मांडावयाच्या प्रश्नाला धार येईल. नुसत्या घोषणांनी ती येत नाही.

आणि गुणवंतांचा सत्कार अवश्य करावा. फक्त त्या दिवशी सभागृहात जे आले नाहीत, त्यांची यादीही व्यासपीठावरील कार्यकर्त्यांच्या खिशात असावी.